अकराव्या महिन्यानंतर काय?

२०२५ च्या दिवाळीनंतर जत तालुक्यातील एका गावी, जुन्या परिचिताच्या घरी जाण्याचा योग आला. त्यांची मुलगी कला शाखेची पदवीधर. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तिने एका शासकीय कार्यालयात अकरा महिने काम केले होते. चहा झाल्यावर तिने आतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले प्रमाणपत्र आणले, माझ्यापुढे धरले आणि विचारले, "काका, तुम्ही वर्तमानपत्रात लिहिता. खरं सांगा, या कागदावर पुढं काय मिळतं?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर दिले ते ओसरीवर बसलेल्या तिच्या आजीने. सत्तरी ओलांडलेल्या या आजीबाईंनी बहात्तरच्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर डोईवर मातीच्या पाट्या वाहिलेल्या. त्या म्हणाल्या, "आमाला कागूद कुणी दिला न्हाई, बाबा. पर आमी बांधलेला तलाव हाय की अजून. त्यात पाऊस झाला की आपली हीर भरती."

नातीजवळ पदवी आहे, प्रमाणपत्र आहे, बँकेच्या पुस्तकात अकरा महिन्यांच्या विद्यावेतनाच्या नोंदी आहेत. पण आपण काय घडवले आणि आपले काय घडले, हे तिला सांगता येत नाही. आजी निरक्षर, तिने मजुरी घेतली आणि गावाला पाझर तलाव दिला. दोघींनीही सरकारच्या योजनेत काम केले. मग पन्नास वर्षांत नेमके काय हरवले, याचा विचार करीतच मी परतलो.

विसापूरचा विचार

आजीबाईंच्या त्या मजुरीमागचा विचार याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात रुजला. वि. स. पागे हे विसापूरचे. स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते, संतसाहित्याचे अभ्यासक आणि १९६० ते १९७८ अशी तब्बल अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. पाऊस पडला तर पीक आणि पीक आले तर काम, अशा मुलखात वाढलेल्या या माणसाला एक गोष्ट उमगली होती. दुष्काळात सरकार मदत करते, ती दया म्हणून. दया करणाऱ्याला तारीख पाळावी लागत नाही. म्हणून काम मागण्याचा अधिकार मजुराचा आणि काम देण्याचे बंधन सरकारचे, अशी रचना व्हावी. तासगाव तालुक्यात साठच्या दशकात या कल्पनेचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. पुढे १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे मर्म त्याच्या साधेपणात होते. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे; न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. काम असे हवे की ज्यातून मागे काही उरेल : पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, विहीर, रस्ता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या तालुक्यांतील ज्या पिढीने तो उन्हाळा सोसला, तिच्या स्मरणात सुकडीची चव आहे आणि खडी फोडताना हाताला आलेले फोडही आहेत. माणसे जगली, हे त्या कामांचे पहिले यश. गावाला पाणी धरणारे बांध मिळाले, हे दुसरे.

आणि या साऱ्याचा भार कोणी उचलला? तुम्ही-आम्ही. १९७५ पासून महाराष्ट्रातील नोकरदार आणि व्यावसायिक जो व्यवसाय कर भरतात, तो रोजगार हमीच्या निधीसाठीच सुरू झाला. आजही आपल्या वेतनातून महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाकाठी अडीच हजार कापले जातात. पगारपत्रकातील त्या ओळीकडे आपण कपाळाला आठी घालून पाहतो. परंतु शहरातील पगारदाराने खेड्यातील बेकाराच्या मजुरीचा वाटा उचलावा, अशी समाजबंधुतेची कायदेशीर व्यवस्था देशात प्रथम महाराष्ट्राने केली, हे आपण आपल्या मुलांना कधी सांगितले आहे काय?

त्या योजनेचे दोषही झाकण्याचे कारण नाही. खोटी हजेरीपत्रके भरली गेली. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग वर्षानुवर्षे पडून राहिले आणि रस्ता झालाच नाही. मुकादमाने आणि अधिकाऱ्याने मिळून मजुरांची मजुरी खाल्ल्याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात आहेत. तरीही चुकलेले सुधारण्याची सोय त्या रचनेत होती. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि आटपाडीच्या माळावर डाळिंब उभे राहिले. मजुरी सरकारने दिली, घाम शेतकऱ्याने गाळला आणि बाग त्याच्या नावावर राहिली. योजना संपल्यावरही त्या माणसाचे काम संपले नाही, उलट तेव्हाच सुरू झाले. कोणत्याही रोजगार योजनेला लावावी अशी कसोटी मला या बागांमध्ये सापडते : योजना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लाभार्थी कोठे उभा असतो?

शिकता शिकता राहिलेले

ही कसोटी आता आजच्या योजनेला लावून पाहू. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात दरवर्षी दहा लाख तरुण-तरुणींना प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण देण्याची घोषणा झाली. अठरा ते पस्तीस वयोगटातील बारावी उत्तीर्णाला महिना सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन. कालावधी सहा महिने. उद्देश उत्तम होता. पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये जी अनुभवाची दरी आहे, ती बुजावी. उद्योगांना हात मिळावेत आणि हातांना कसब मिळावे. विद्यावेतन थेट बँक खात्यात जाणार, त्यामुळे मध्ये मुकादम नाही. पन्नास वर्षांच्या अनुभवातून घेतलेला हा धडा म्हणावा लागेल.

पण सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी टापूत वीस मैलांत एक बरा कारखाना नाही, तेथील मुलांनी प्रशिक्षण घ्यावे कोठे? साहजिकच ती ग्रामपंचायतींत, शाळांत, पंचायत समितीत आणि निरनिराळ्या शासकीय कार्यालयांत गेली. वर्षानुवर्षे पदे रिक्त असलेल्या या कार्यालयांना ही मुले म्हणजे वळवाचा पाऊस वाटली. कोणी आवक-जावक नोंदवही लिहिली, कोणी संगणकावर माहिती भरली, कोणी मुलांना शिकवले, कोणी साहेबांच्या बैठकीसाठी कागदांच्या झेरॉक्स प्रती काढल्या. कामे खरी होती, गरजेचीही होती. परंतु ज्या खुर्चीत बसून ही मुले काम शिकली, ती खुर्ची त्यांची होणार नव्हती. आणि तेथे शिकलेले काम त्या कार्यालयाबाहेर कोणी विकत घेणार नव्हते. आवक-जावक नोंदवही लिहिण्याच्या कसबाला कुपवाडच्या वा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत काय भाव येणार?

सहा महिने संपत आले तेव्हा असंतोष वाढला. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने करण्यात आली. तेही सरले. मग प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याची मागणी घेऊन मुंबई-नागपूरपर्यंत आंदोलने केली. अनेक सुस्थित मंडळींनी या मुलांची चेष्टा केली. फुकट पैसे मिळाले, आता नोकरीही हवी, असे उद्गार मी स्वतः ऐकले आहेत. ही चेष्टा अन्यायाची आहे. ज्या मुलीला रोज सकाळी दहा वाजता कार्यालयात बोलावले, गावाने जिला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली, जिच्या लग्नाच्या बोलणीत 'मुलगी सरकारी कचेरीत आहे' असे सांगितले गेले, तिला एका तारखेपासून 'उद्या येऊ नका' म्हणणे केवळ दहा हजार रुपये थांबवण्याइतके साधे नसते. तिने मागितली होती नोकरी. तिला दिला गेला नोकरीचा भास. भास मोडतो तेव्हा माणूस पूर्वीपेक्षा अधिक एकटा पडतो.

हे पूर्वीही घडले आहे

सरकारला हे नवीन असते तर क्षमा करता आली असती. परंतु महाराष्ट्राने हा अनुभव एकदा नव्हे, दोनदा घेतला आहे.

पहिला अनुभव रोजगार हमीचाच. कामांवर मजुरांची हजेरी मांडण्यासाठी थोडीफार शिकलेली मुले तुटपुंज्या मोबदल्यावर घेतली गेली. त्यांना हजेरी सहायक म्हणत. हंगामी म्हणून घेतलेली ही माणसे वर्षानुवर्षे राबली, अर्ज-विनंत्या करीत राहिली, न्यायालयांत गेली. नव्वदच्या दशकात शासनाला त्यांना टप्प्याटप्प्याने सेवेत सामावून घेण्याचे निर्णय घ्यावे लागले. तोवर त्यांच्यातील अनेकांची उमेद सरली होती.

दुसरा अनुभव अंशकालीन पदवीधरांचा. सुशिक्षित बेकारांना आधार म्हणून शासकीय कार्यालयांत नाममात्र मानधनावर तीन वर्षांपर्यंत अर्धवेळ काम देण्यात आले. तीन वर्षे संपली आणि पदवीधर पुन्हा घरी आले. मग संघटना, मोर्चे, निवेदने. अखेर शासनाने त्यांच्यासाठी नोकरभरतीत दहा टक्के समांतर आरक्षण ठेवले. जागाच निघेनात तेव्हा वयोमर्यादा वाढवावी लागली आणि वाढवत वाढवत ती पंचावन्न वर्षांवर आली. आजही राज्य शासनाच्या भरतीच्या जाहिराती वाचा. अंशकालीन उमेदवारांसाठी पंचावन्न हा आकडा तेथे दिसेल. तरुणांच्या बेकारीवरील उपाय तरुणांबरोबरच म्हातारा झाला!

हे मी केवळ कागदपत्रांतून सांगत नाही. बी.ए. झाल्यावर १९९१ साली मीही सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले होते. ते कार्ड, त्यावरचा नोंदणी क्रमांक आणि ठरावीक मुदतीने करायचे नूतनीकरण माझ्या पिढीच्या प्रत्येक पदवीधराच्या आठवणीत असेल. नूतनीकरणाची तारीख चुकली तर ज्येष्ठता जाईल, या भीतीने आम्ही एस.टी.ने जाऊन रांगेत उभे राहत असू. मला एकदाच मुलाखतीचे पत्र आले आणि ते हाती पडले तेव्हा मुलाखतीचा दिवस उलटून गेला होता. सुदैवाने मला लेखणीने तारले. माझ्याबरोबर रांगेत असणारा एक मित्र अंशकालीन म्हणून एका कार्यालयात टंकलेखन करू लागला. हुशार मुलगा, अक्षर मोत्यासारखे. तीन वर्षांनंतर त्याने दुसरे काही शिकायला हवे होते, पण 'आपल्याला घेणारच' या आशेवर तो थांबला. पुढची पंचवीस-तीस वर्षे तो प्रत्येक जाहिरातीची वाट पाहत राहिला. आज तो गावात पिठाची गिरणी चालवतो. परवा भेटला तेव्हा हसत म्हणाला, "यंदा माझी वयोमर्यादा संपतेय. आता सुटलो बघ!" ते हसणे ऐकवत नव्हते.

या बाबतीत कायदाही पुरेसा स्पष्ट आहे. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात निर्णय दिला की, रीतसर स्पर्धा आणि निवडप्रक्रिया टाळून तात्पुरते घेतलेल्यांना केवळ काही काळ काम केले म्हणून सेवेत कायम होण्याचा हक्क पोहोचत नाही. यामागील न्याय समजण्यासारखा आहे. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या लाखो उमेदवारांचाही सरकारी नोकरीवर समान अधिकार आहे. मग असा निर्णय असताना व्यासपीठावरून 'तुमचा विचार करू' असे मोघम आश्वासन देणे ही त्या मुलांची फसवणूक नव्हे काय? सरकार कोणत्याही पक्षाचे असो, 'कायम करता येणार नाही' हे वाक्य पहिल्या दिवशी बोलण्याचे धैर्य आजवर कोणी दाखवलेले नाही. निवडणुकीच्या वर्षात तर नाहीच.

हात आहेत, काम आहे, मेळ नाही

दुसरीकडे मूळ रोजगार हमीचे काय झाले? २००५ मध्ये केंद्राने या कल्पनेवर आधारित कायदा करून ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. विसापूरचा विचार देशाचा झाला, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटायला हवा. मात्र अंमलबजावणीत मजुराची दमछाक झाली. २०२३ पासून सामूहिक कामांवर दिवसातून दोनदा मोबाईलवर छायाचित्र काढून हजेरी लावणे सक्तीचे झाले. २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होऊ लागली. खोट्या हजेरीला आळा घालण्याचा हेतू योग्यच. पण माळरानावर मोबाईलला रेंज नसेल तर घाम गाळूनही हजेरी लागत नाही. खात्याची जोडणी चुकली असेल तर मजुरी अडकते आणि मजूर तालुक्याच्या खेपा घालतो. त्या खेपेत त्याचा आणखी एक दिवस बुडतो, त्याची भरपाई कोण देणार? २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात ऐन हंगामात गड्याला याहून जास्त मजुरी मिळते, तीही संध्याकाळी हातात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस शंभराऐवजी सव्वाशे झाले, शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद झाली आणि बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के भार उचलावा लागणार आहे. दिवस वाढले, हे स्वागतार्ह. हंगामात शेतकऱ्याला मजूर मिळावेत, हा विचारही चुकीचा नाही. पण दुष्काळी माणदेशाचा हंगाम आणि कृष्णाकाठचा हंगाम एक नसतो, याचे भान ठेवून तालुक्यागणिक वेळापत्रक ठरवले नाही, तर माणचा मजूर नेमका गरजेच्या वेळी बिनकामाचा राहील.

एक विसंगती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. द्राक्षबागांत कामासाठी बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे येतात. त्याच तालुक्यांतील पदवीधर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसलेले असतात किंवा पुण्याजवळच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात. आपली मुले आळशी झाली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु पंधरा वर्षे शाळा-महाविद्यालयांत आपणच त्यांना सांगितले की, शिकलास तर मातीत हात घालावा लागणार नाही. आई-बापांनी कर्ज काढले ते याच आशेवर. आता त्यांनी बागेत कात्री हाती धरावी असे वाटत असेल, तर त्या कात्रीला विद्येची प्रतिष्ठा आणि कसबाचा दाम, दोन्ही द्यावे लागतील. द्राक्षाची छाटणी, निर्यातीच्या मालाची प्रतवारी, ठिबकची दुरुस्ती, पाणी उपसा योजनांवरील पंपांची देखभाल : ही सारी शिकून करण्याची कामे आहेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांमुळे ज्या गावांत पाणी आले, तेथे हे कसब हवेच आहे. अकरा महिन्यांचे प्रशिक्षण आवक-जावक नोंदवहीऐवजी अशा कामांत दिले असते तर?

सरकारवाचून शिकलेली माणसे

याच भूमीत प्रशिक्षणाची उत्तम उदाहरणे आहेत आणि ती पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. विटा-खानापूर, आटपाडी, खटाव या टापूतील गलाई व्यावसायिकांकडे पाहा. दुष्काळाने गाव सोडायला लावलेली ही माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात केरळपासून उत्तरेपर्यंत देशभर पसरली. गावातील पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जातो. आधी झाडलोट करतो, मग भट्टी सांभाळतो, मग कस पाहायला शिकतो आणि काही वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःचे दुकान थाटतो; तेथे पुन्हा गावाकडचा नवा पोरगा येतो. या प्रशिक्षणाला प्रमाणपत्र नाही. पण एक गोष्ट आहे, जी शासकीय योजनेत नाही : शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या भवितव्याला बांधलेला असतो. पोरगा फुकट गेला तर मामाला गावात तोंड दाखवता येत नाही.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर मुले घडवली. शेतात, बांधकामावर राबून शिकलेल्या त्या मुलांना श्रमाची लाज वाटली नाही आणि विद्येचा गर्वही झाला नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील माणसांनाच त्यांनी ओतकाम आणि यंत्रकाम शिकवले. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. तिन्ही ठिकाणी शिकणाऱ्यासाठी पुढचे काम तयार होते, किंवा ते निर्माण करण्याची जबाबदारी शिकवणाऱ्याने स्वतःवर घेतली होती.

स्वयंरोजगाराच्या शासकीय योजनांत नेमकी हीच जबाबदारी हवेत विरते. पाटण तालुक्यातून मुंबईत जाऊन हमालांची संघटना बांधणाऱ्या अण्णासाहेब पाटलांच्या नावे आर्थिक विकास महामंडळ आहे. त्याच्या योजनेत तरुणाने बँकेकडून कर्ज घ्यायचे, हप्ते वेळेवर भरायचे आणि व्याजाचा परतावा महामंडळाने द्यायचा. अनेकांनी यातून उद्योग उभे केले, हे खरे. पण कर्ज देणार बँक, आणि बँक विचारते : तारण काय, जामीनदार कोण? ज्याच्यापाशी ही दोन्ही उत्तरे नाहीत तोच खरा बेकार. आणि तोच पहिल्या पायरीवर अडतो. महामंडळ म्हणते, आमची मंजुरी आहे. बँक म्हणते, आमचे नियम आहेत. दोघांचेही कागद बरोबर असतात आणि तरुण रिकाम्या हाताने परततो.

मागण्या थोड्या, पण ठाम

म्हणून शासनाकडे काही नेमक्या अपेक्षा मांडाव्यात असे वाटते. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, ही नोकरी नाही आणि येथे कायम होता येणार नाही, हे मराठीत स्वच्छ लिहून द्यावे व समजावून सांगावे. कार्यालयांतील रिक्त पदे रीतसर भरावीत. प्रशिक्षणार्थींच्या पाठीआड ती लपवू नयेत. प्रशिक्षण अशाच ठिकाणी द्यावे, जिथले कसब बाहेरही विकले जाते. दुष्काळी तालुक्यांत उद्योग नसतील तर मुलांना कुपवाड, सातारा, शिरवळ येथे पाठवून निवासाचा खर्च द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक योजनेचा अहवाल किती जणांना प्रवेश दिला यावर न थांबता, प्रशिक्षण संपल्यानंतर सहा महिन्यांनी किती जण कमावते होते, हे तालुकावार जाहीर करावे. हा आकडा देण्याचे बंधन आले की योजना आखणाऱ्याची दृष्टी आपोआप बदलेल.

पण सारे सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्यापैकी कोणी सहकारी बँकेत संचालक आहे, कोणाचा लहान कारखाना आहे, कोणी निवृत्त अभियंता आहे, कोणाची द्राक्षबाग आहे. आपल्या वस्तीतील, आपल्या गावातील ज्या मुला-मुलींचे प्रशिक्षण संपले आहे, त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? एका शाखेने, एका मंडळाने, एका गृहसंस्थेने अशा दहा जणांची यादी करावी. प्रत्येकामागे एक वडीलधारा उभा राहावा. जामीनदार हवा तर जामीनदार व्हावे, हाताखाली घेता येत असेल तर घ्यावे, नाहीतर चांगल्या कारागिराकडे पोहोचवावे. गलाईवाल्या मामाने जे केले तेच आपण जात, गाव, नाते न पाहता करायचे आहे. पूर, भूकंप आला की आपण धावून जातो. घरात बसलेला पदवीधर ही आवाज न करणारी आपत्ती आहे, इतकाच फरक.

त्या दिवशी निघताना आजीबाईंनी आग्रह करून मला तलाव दाखवला. पाणी फारसे नव्हते. भरावावर बाभळी माजल्या होत्या, गाळ साचला होता. नात बरोबर होती. ती भराव निरखून म्हणाली, "याचा गाळ काढायला हवा. मोजमाप काढून अर्ज करता येईल. कार्यालयात मी अशी कामं पाहिलीयेत." अकरा महिन्यांत तिने काहीच शिकले नाही असे नाही, हे मला तेव्हा जाणवले. तिला कामही दिसत होते. त्या कामापर्यंत तिला नेणारी वाट मात्र कोणी आखली नव्हती.

मी परतल्यावर तिच्यासाठी एका परिचित कंत्राटदाराशी बोललो आहे. मोजणी आणि अंदाजपत्रकाचे काम तो शिकवायला तयार आहे. पुढच्या महिन्यात तिला घेऊन जायचे ठरले आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून पूर्णपणे देता आलेले नाही. पण ते शोधणे आता माझ्याही माथी आहे.